चहाची गोळी

“वहिनी, ह्या गोळीचं बाकीच्या गोळ्यांशी पटत नाही हं,” मेडिकलमधले पोतदार पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करत म्हणाले. “आजींना दुसरं काही चालू असेल तर डॉक्टरांना एकदा फोन करून विचारा.”

“आमच्या घरात कुणाचंच कुणाशी पटत नाही,” मी म्हणाले. “त्यात एका गोळीची भर.”

पोतदार हसले, माझ्यामागचं गिऱ्हाईकही हसलं, आणि मी पाकीट उचलून निघाले. कडेवर ओवी होती, नऊ महिन्यांची. काउंटरवरच्या खडीसाखरेच्या बरणीत हात घालायच्या बेतात होती. त्या दिवसांत मला जगात दोनच चिंता होत्या: ओवीच्या तोंडात काय जातंय आणि ओवीच्या नाकातून काय येतंय. उरलेल्या जगानं आपापलं बघून घ्यावं, असा माझा साधारण पवित्रा होता.

गोळ्या हौसाआत्यांच्या होत्या. हौसाआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, धनंजयच्या, थोरल्या आत्या. गडहिंग्लजजवळच्या खेड्यातून आमच्या साताऱ्याच्या फ्लॅटवर आल्या त्या ओवीला सांभाळायला. माझी रजा संपत आली होती. महिन्याभरात ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायला परत उभं राहायचं होतं. सासूबाई हयात नाहीत, माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पाळणाघरं पाहून झाली होती आणि प्रत्येकात मला काहीतरी दिसलं होतं. एकीकडे गॅलरीचे गज रुंद, दुसरीकडे सांभाळणाऱ्या बाई शिंकल्या. तिसरीकडे सगळं ठीक होतं, म्हणून मला जास्तच संशय आला. शेवटी धनंजय म्हणाला, “हौसाआत्याला बोलावू. तिनं आख्खी भावकी सांभाळलीय.”

आत्या आल्या त्या दारातूनच गरजल्या, “मी आलो बघा.”

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मी येतो, मी जातो, मी करतो. धनंजय म्हणायचा, आत्या आली की घरात मावशी आणि मामा एकदम आल्यासारखं वाटतं. मी मात्र दारातच सॅनिटायझरची बाटली घेऊन उभी होते.

“आत्या, एसटीत शेजारी कुणी खोकत नव्हतं ना? तुम्हाला काही सर्दी, खोकला? बाळ लहान आहे म्हणून विचारते.”

“मला?” आत्यांनी पिशवी खाली ठेवली. “मी दगड पचवतो. आण ती पोरगी हिकडं.”

कोपरापर्यंत हात धुऊन घेतल्यावरच मी ओवी त्यांच्या हातात दिली. ती त्यांच्याकडे गेली, नाकातली चमकी ओढली, आणि खिदळली. तिथंच सगळं ठरलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस आमचं दोघींचं जमलं ते तडजोडींवर. त्यांना ओवीच्या डोळ्यात काजळ घालायचं होतं, मला डोळ्याजवळ काजळ नको होतं. मी म्हटलं, तीट लावा, पण कानामागे. त्या म्हणाल्या, “कानामागं कोण बघतंय गं? दृष्ट काय कान उलटून बघती?” शेवटी डाव्या कानशिलावर तह झाला. रोज आंघोळ घातली की करंगळीचं टोक काजळात बुडवून त्या एक टिंब ठेवायच्या. इतकं गोल, की छाप्यानं उमटवल्यासारखं.

दुसरी गोष्ट चहाची. आत्या आमच्या सगळ्यांच्या आधी उठायच्या आणि स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायच्या. मी स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्यांचा कप धुऊन पालथा पडलेला असायचा. एकदा मी जरा लवकर उठले तर त्या कमरेच्या चंचीतून काहीतरी काढत होत्या.

“काय घेताय आत्या?”

“चहाची गोळी,” त्या म्हणाल्या आणि चंची बंद केली.

मला काय ते लगेच कळलं. माझे बाबासुद्धा चहात साखरेऐवजी बारीकशी पांढरी गोळी टाकतात, टिक् करून. म्हणजे आत्यांना शुगर असणार आणि सांगायला लाजत असणार. मी धनंजयला म्हटलं, “बघ, खेड्यातली बाई पण शिस्त किती. साखर बंद म्हणजे बंद.” आणि त्या दिवसापासून मी घरात गोडाचा पदार्थ बंद केला. रविवारचा शिरा गेला. कुणी पेढे दिले की मी आत्यांसमोरून डबा पटकन उचलायची. आत्या डब्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या, पण कधी काही बोलल्या नाहीत. मी मनात म्हणायची, केवढा संयम.

मग त्या आठवड्यात त्यांनी मला मोरीजवळ गाठलं आणि हळूच म्हणाल्या, “केतकी, लघवीला आग होतीय गं. परवापासनं. धनूला सांगू नकोस.”

मी त्यांना आमच्या कॉलनीतल्या डॉक्टर निकमबाईंकडे नेलं. त्यांचं छोटंसं हॉस्पिटल आहे, वर पाच-सहा खाटा. त्यांनी पोट दाबून पाहिलं, छाती तपासली, लघवी तपासायला दिली.

“आजी, दुसरी काही औषधं चालू आहेत?”

आत्या समोरच्या भिंतीवरचं हृदयाचं चित्र अगदी मन लावून बघत होत्या. उत्तर मीच दिलं.

“नाही मॅडम. शुगरसाठी चहात गोळी घालतात, तेवढीच.”

“शुगर आहे?” त्यांनी लगेच बोट टोचून पाहिलं. “अहो, शुगर तर एकदम छान आहे.”

“पथ्य कडक आहे त्यांचं,” मी म्हटलं. आत्यांनी बोट चोखलं आणि चित्राकडे बघत राहिल्या.

डॉक्टरांनी इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक लिहून दिलं, सिप्रोफ्लॉक्सासिन, दिवसातून दोनदा. मेडिकलमध्ये पोतदार गोळ्यांच्या पटण्या-न पटण्याबद्दल जे म्हणाले ते तेव्हाच. आता तुम्हाला त्यांचं वाक्य ठळक ऐकू येत असेल. मला तेव्हा ओवीचा हात आणि बरणी एवढंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर घराचे पडदे जागेवर नव्हते. सगळे बादलीत भिजत होते. फडताळातले कागद बदललेले. टेबलावर सोललेल्या लसणाची ही मोठी रास, जणू शंभर पानं उठायची आहेत. आत्या स्टुलावर चढून पंखा पुसत होत्या.

“आत्या, उतरा आधी. हे कधी केलंत?”

“झोप न्हाई लागली. म्हटलं हात रिकामे कशाला ठेवायचे. चहा टाकू का तुला? मी घेतला. आणि एकदा टाकतो.”

“जळजळ कशी आहे?”

“कसली जळजळ? कवाच गेली. डाक्टरीणबाई भारी हाय हं तुमची.”

धनंजय डबा घेता घेता म्हणाला, “गोळी कुठली आहे गं ती? मलाही एक पट्टी आण. ऑफिसात ऑडिट चालू आहे.”

तो सगळा दिवस आत्यांचा होता. पडदे धुतले, भाजणी भाजली, ओवीला दोनदा आंघोळ घातली. बोलणं तर थांबेचना. त्यांच्या सासरची एक म्हैस पुरात वाहून गेली होती ती गोष्ट सुरू झाली. त्या म्हशीतून दिराचं लग्न निघालं, लग्नातून मांडवाला लागलेली आग, आणि म्हैस परत आली की नाही ते राहूनच गेलं. मी विचारलं तर म्हणाल्या, “म्हैस? कुठली म्हैस?” आम्ही दोघी पोट धरून हसलो. समोरच्या इनामदार काकू डोकावून गेल्या आणि म्हणाल्या, “आत्याबाई तर वीस वर्षांनी लहान झाल्या.” मला आतून फार बरं वाटत होतं. येत्या सोमवारी रजा संपत होती आणि मी निर्धास्त घराबाहेर पडणार होते. आत्यांच्या अंगात हे एवढं बळ आहे, आणखी काय हवं?

फक्त जेवल्या नाहीत. “पित्त झालंय,” म्हणाल्या, आणि पित्तावर उतारा म्हणून चहा घेतला.

मी काळजी करणारी बाई आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ओवीचा श्वास मी पाळण्यावर वाकून ऐकते, यावरून धनंजय माझी नक्कल करून दाखवतो. पण अशा बाईला एक सवय असते, ती रोजच्या गोष्टी रोज बघते. तिसऱ्या दिवशी आत्यांनी आंघोळ घालून ओवीला माझ्या हातात दिलं, आणि मी सवयीनं कानशिलाकडे पाहिलं.

तीट गोल नव्हती. टिंबाला खाली शेपूट फुटलं होतं. आमच्या पोरीच्या कानशिलावर त्या दिवशी स्वल्पविराम होता.

“ओवी हलली का तीट लावताना?”

“न्हाई. गप होती शहाणी.”

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून कपबशीचा किणकिण आवाज आला. थांबला नाही. मी जाऊन पाहिलं तर त्या दोन्ही हातांनी बशी धरून उभ्या होत्या आणि कप बशीत नाचत होता.

“आत्या, हात बघू तुमचा.”

“थंडी वाजतीय जरा.”

जूनचा उकाडा होता, पंखा गरगरत होता, त्यांच्या कपाळावर घाम होता. “ताप आहे का?” मी कपाळाला हात लावला. ताप नव्हता. “बसा बघू तुम्ही.”

त्या बसल्या, आणि बसल्या बसल्या ओवीकडे हात पसरले. मी दिली. आत्यांची मांडी थरथरत होती, तालात. ओवीला वाटलं आत्या झोके देतायत, ती टाळ्या वाजवायला लागली. आत्याही हसल्या. पण हसताना त्यांनी ओवीला पोटाशी जरा जास्तच घट्ट धरलं, हातातून काही सुटेल की काय असं वाटणारा माणूस धरतो तसं.

मी ओवीला उचलून घेतलं.

आत्यांचा चेहरा पडला. “मी काय पाडतोय व्हय तिला?”

“तसं नाही आत्या. तुम्हाला बरं दिसत नाहीये.”

“मला काय धाड भरलीय? परवापासनं एकटीनं घर हलवलं की मी.” असं म्हणत त्या उठल्या आणि तोंडावर पदर धरून बेसिनकडे धावल्या. उलटी झाली. मग भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांचं मनगट धरलं, नाडी मोजावी म्हणून. बोटाखाली नाडी अशी पळत होती की मला आकडा लावताच येईना.

“आत्या, छातीत धडधडतंय?”

“जरा. चहा दे थोडा, पोटात चहा गेला की बसतंय सगळं. आणि माझी गोळी राहिलीय सकाळची.”

मी ओवीला पाळण्यात ठेवलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि आधण ठेवलं. लक्षात घ्या, इतक्या दिवसांत आत्यांचा चहा मी पहिल्यांदाच करत होते. पाण्यात पावडर पडली आणि मागून आवाज आला.

“साखर दोन चमचे घाल गं. भरून.”

मी चमचा हातात धरून वळले. “साखर?”

“मग काय मीठ?”

“अहो, पण तुम्ही गोळी घालता ना? साखर घातली तर गोळी कशाला?”

“कुठली गोळी घालतो मी?”

“चहाची.”

आत्यांनी चंचीत हात घालून एक गोळी काढली, ती त्यांच्या थरथरत्या तळव्यावर उड्या मारत होती. “ही? ही चहात कशाला घालू मी? ही चहाबरोबर गिळायची असती.”

“कशासाठी?”

त्यांनी मूठ मिटली.

“आत्या. कशासाठी?”

“धापेसाठी,” त्या खाली बघून म्हणाल्या. “दमा हाय मला. लई वर्षं झाली. ही घेतली की गप असतोय.”

मी गॅस बंद केला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे त्यांच्या पिशवीत लुगड्यांच्या घडीत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, त्या घेऊन मी निकम डॉक्टरांना फोन लावला. नाव वाचून दाखवायला लागले तर जीभ वळेना.

“थि... थिओफिलिन.”

डॉक्टर एकदम सावकाश बोलायला लागल्या. “आता त्यांना काही देऊ नका. अँटिबायोटिक नाही, ही नाही. चहासुद्धा नाही. लगेच घेऊन या.”

“चहासुद्धा?”

“चहासुद्धा. आणि चालवत आणू नका, रिक्षा करा.”

ओवीला मी समोरच्या इनामदार काकूंच्या हातात दिलं. काकूंनी हात धुतले होते की नव्हते, नाक ओढत होत्या की नव्हत्या, मी पाहिलंसुद्धा नाही. रिक्षात आत्या माझा हात धरून बसल्या होत्या आणि तो धरलेला हात माझा खांदाही हलवत होता.

हॉस्पिटलात त्यांना थेट वर नेलं. छातीला वायरी लावल्या, कागद सरसर बाहेर आला, सलाईन चढलं. डॉक्टर कागद बघत होत्या आणि मी डॉक्टरांचा चेहरा. धनंजय ऑफिसातून तसाच आला, गळ्यात ओळखपत्र. जिन्यातूनच ओरडला, “काय झालं आत्याला?” परवा मागितलेल्या पट्टीची त्याला आठवणही नसावी. मला होती.

दुपारपर्यंत नाडी खाली यायला लागली. डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि आत्यांच्या खाटेशीच बसल्या.

“आजी, तुम्हाला सांगते काय झालं ते. आपण औषध घेतो ना, ते काम करतं आणि मग शरीर त्याला मोडून बाहेर टाकतं. काळजाच्या खाली लिव्हर असतं, तिथं हे मोडायचं काम चालतं. ते करणाऱ्यांना एन्झाइम म्हणतात. तुमची दम्याची गोळी ज्या एन्झाइमकडे मोडायला जाते, त्यालाच मी दिलेल्या गोळीनं अडवून धरलं. तुम्ही दम्याची गोळी रोजच्यासारखीच घेत होतात, पण कालची मोडलेलीच नव्हती, परवाची मोडलेली नव्हती. सगळी रक्तात साठत गेली.”

“म्हणजे मोरी तुंबली,” आत्या म्हणाल्या.

“हो.” डॉक्टर हसल्या. “अगदी तसंच. नळ चालू आणि मोरी तुंबलेली.”

“आणि चहा?”

“चहातलं जे तरतरी आणतं, तेही त्याच मोरीतून जातं. तुम्ही परवापासून चहा किती प्यायलात?”

आत्यांनी धनंजयकडे पाहिलं. धनंजयनं माझ्याकडे. “मोजला नाही,” मी म्हटलं.

“म्हणून झोप नाही, म्हणून हात थरथरत होते, म्हणून उलट्या. घरच्यांना वाटतं आजी खूश आहेत, उत्साहात आहेत.” डॉक्टर थांबल्या. “ह्यात औषध कुठलंच वाईट नाही. दोन्ही रोज हजारो लोक घेतात. पण हे असंच चालू राहिलं असतं ना, तर फिटचा झटका येऊ शकला असता. कधी, कुठं, सांगता येत नाही. कडेवर बाळ असतानासुद्धा.”

ते त्या मुद्दाम म्हणाल्या नसतील. पण आत्यांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर गेल्या, धनंजय औषधं आणायला खाली गेला, तेव्हा मी स्टूल जवळ घेतलं.

“आत्या, डॉक्टरांनी विचारलं होतं की. तेव्हा का नाही सांगितलं?”

“तूच सांगितलंस की, चहात घालती म्हणून. साखरेची म्हणालीस. म्हटलं बरं झालं, परस्पर सुटलो.”

“पण लपवायचं काय होतं त्यात?”

त्या छताकडे बघत बोलल्या. “तू दारातच विचारलंस, खोकला हाय का, सर्दी हाय का. हातात ती बाटली. म्हटलं धाप हाय म्हणून सांगितलं तर हिथनंच परतीच्या एसटीत बसवतीस. दमेकरणीच्या हातात कोण पोर देतंय? माझ्या जावेनं दिलं न्हाई कधी. तिची पोरं तिकडच्या सोप्यात खेळायची, मी हिकडच्या सोप्यात बसायचो. पोरांना लागंल म्हणाली. धाप काय लागती व्हय कुणाला? पण मी काय बोलणार. मला माझं कुणी झालं न्हाई.” थोडं थांबून म्हणाल्या, “धनूचा फोन आला तवा मी चंचीतल्या गोळीचं नावच बदललं.”

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

“आणि एक विचारू?” आत्या म्हणाल्या.

“विचारा.”

“तू पेढ्याचा डबा का उचलायचीस गं माझ्यापुढनं? मला वाटलं, पोरगी चांगली हाय पण गोडाला हात आखडती.”

मी सांगितलं. चहाची गोळी, शुगर, शिस्त, संयम, सगळं. आत्या आधी ऐकत राहिल्या. मग त्यांच्या पोटातून हसू निघालं ते थांबेना, सलाईनची बाटली हलायला लागली, नर्स धावत आली आणि मलाच म्हणाली, “पेशंटला हसवू नका, ईसीजी काढायचाय.”

दोन दिवसांनी आम्ही घरी आलो. अँटिबायोटिक बदलून दुसरं मिळालं होतं आणि दम्यासाठी गोळीऐवजी तोंडानं ओढायचा पंप.

“पंप?” आत्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. “आमच्याकडं पंप पाठीला लावून पिकावर मारत्यात. आता माझ्यावर मारायचा?”

पण रविवारी सकाळी मी पाहिलं तर त्यांची पिशवी भरलेली होती. लुगडी घडी घालून आत, वर पंप. चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या. धनंजय आंघोळीला गेला होता.

“कुठं निघालात?”

“गावाकडं. दहाची गाडी हाय. धनूला मी बोलतो.” मग ओवीच्या पाळण्याकडे न बघता म्हणाल्या, “डाक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंय मी. कडेवर पोर असताना. तू कुणीतरी चांगली बाई बघ.”

मी वाद घातला नाही. वाद घालून आत्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. मी पाळण्यातून ओवीला काढलं, आत्या जमिनीवर पिशवीशेजारी बसल्या होत्या तिथं गेले आणि ओवी त्यांच्या मांडीवर ठेवली. हात धुतले का, विचारलं नाही. मग मी समोर मांडी घालून बसले.

“आता सांगा,” मी म्हटलं. “धाप कधीपासून आहे, कशानं वाढते, रात्री उठावं लागतं का, गोळी कुणी दिली, अजून काय काय घेता. गुडघ्याला, डोक्याला, पोटाला. चूर्ण, काढा, गावठी, सगळं.”

ओवीनं आत्यांची चमकी धरली होती. मग त्यांनी तिचा हात हळूच सोडवला, तिला नीट बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. गुडघ्याला एक लाल गोळी होती, ती जत्रेतल्या एकानं दिलेली. झोपेसाठी कधीमधी जावेची अर्धी. पोटासाठी एक चूर्ण, त्याच्या पुडीवर नावच नव्हतं. मी नुसती ऐकत होते. दहाची गाडी त्यांचं बोलणं संपण्याआधीच गेली.

ती सगळी वानवळ्याची पिशवी डॉक्टरांसमोर ओतली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, आणि त्यातलं बरंचसं टोपलीत गेलं. कॉलेजकडून मी आणखी आठवड्याची रजा मागून घेतली. डॉक्टरांनी आत्यांना पुन्हा तपासून “आता बिनधास्त” म्हटल्यावर मी वर्गावर गेले. पहिल्याच तासाला मान्सूनचे वारे शिकवताना तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, तुम्ही सारखं मोबाइलकडे का बघताय?” संध्याकाळी घरी आले तर ओवी झोपलेली, आणि आत्या दारात उभ्या राहून चहा पीत होत्या. दोन चमचे साखरेचा. त्यानंतर ओवी पहिलीला जाईपर्यंत त्या आमच्याकडे होत्या.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. हे लिहिलं ते तुमच्याकडे एक काम आहे म्हणून.

तुमच्या घरात, नाहीतर गावाकडे, नाहीतर भावाच्या फ्लॅटवरच्या मागच्या खोलीत, कुणीतरी असं आहे. रोज काहीतरी गिळतं आणि त्याला औषध म्हणत नाही. त्यांना आज भेटा, लांब असतील तर निदान फोन करा. “औषध चालू आहे का” असं विचारू नका, “काही नाही” म्हणतील. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं, ते विचारा. गोळ्या, पुड्या, थेंब, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, कुणी नवी गोळी लिहून द्यायच्या आत.

आणि घरात तान्हं पोर असेल तर ते आधी त्यांच्या मांडीवर द्या. मग विचारा.